आश्विनातील धडा : हरिण आणि धोबी पक्षी
(वाचन : यिर्मया ८:७, स्तोत्र ४२)

चंद्रपूर व गडचिरोली ह्या रानमुलखातील आपले उपदेशक बेचाळिसावे स्तोत्र कोणत्याही महिन्यात शिकवितात. ह्यात आम्हांस एक अडचण दिसते. आश्विनात नाले वाहत असतात, बोड्या भरलेल्या असतात. तान्हेल्या हरिणाचे चित्र तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहावे? त्या दिवसांत चितळ पाण्यासाठी तळमळत नाही, ते बांधीत शिरून धान खाते! ज्याने रात्रभर जागल केली त्याला हरिणाचे नावही ऐकवत नाही. हे स्तोत्र वैशाखासाठी राखून ठेवावे. तेव्हा नाले आटतात व उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर कळप जमतात.

आश्विनाचा पाठ यिर्मयाचा होय. आकाशातील पाखरांना आपल्या येण्याची वेळ कळते, पण देवाच्या लोकांना त्याचा नियम कळत नाही, असे दुःख संदेष्टा तेथे सांगतो. ह्याचा दाखला बोडीच्या पाळीवरच मिळतो. राखी पाठीचा, पिवळसर पोटाचा, शेपूट एकसारखी वरखाली हालविणारा करडा धोबी उन्हाळ्यात येथे नसतो. हिमालयातून व त्याहूनही उत्तरेकडून तो पावसाळा सरता सरता येतो. मोठा काळापांढरा धोबी मात्र बारमाही येथलाच. दोघांची गल्लत करू नये.

चितळ पाहावयाचे असल्यास पहाटे जावे व वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहील अशा जागी निश्चल बसावे, कारण त्याचे नाक फार तीक्ष्ण असते. वानरे झाडावरून पाला व फळे खाली टाकतात, म्हणून चितळे पुष्कळदा त्यांच्या खालीच चरताना आढळतात. संशय आला की चितळ पुढचा पाय आपटते. वानर व चितळ दोघेही ओरडू लागले तर मुकाट्याने घरी परतावे. वाघ जवळ असू शकतो. मुलांना तर गावाच्या पाळीपलीकडे नेऊच नये.

धान गेल्याचा राग आम्ही जाणतो. तरी फासे लावू नयेत. १९७२ च्या कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली आहे. नुकसान होताच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा मागावा, भरपाईची तरतूद आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज उपदेशकाने लिहून द्यावा, आणि तो यिर्मयाच्या पाठाआधी लिहावा.

पहिला करडा धोबी ज्या दिवशी दिसेल ती तारीख मंडळीच्या वहीत नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी ताडून पाहता येईल.