थोर फुटबॉल प्रशिक्षक कोणास म्हणावे?

(बी. ए. भाग २)

'मॅनेजर' हा शब्द आमच्या गोंदिया जिल्ह्यात ऐकला, की डोळ्यांसमोर उभा राहतो तो राईस मिलचा मॅनेजर. धानाच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा, हमालांना हाका मारणारा, हंगामात घरी जेवायला जाण्यासही फुरसत नसलेला. फुटबॉलच्या खेळातही मॅनेजर असतो, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. इंग्लंडमध्ये संघाच्या प्रमुखाला मॅनेजर म्हणण्याची रीत आहे. खेळाडू निवडणे, सामन्याची आखणी करणे, कोणाला केव्हा मैदानात उतरवायचे व कोणाला बाहेर बसवायचे हे ठरविणे, आणि संघ हरला की बोलणी खाणे, ही सारी त्याची कामे. आपल्याकडे त्यालाच बहुधा प्रशिक्षक म्हणतात. म्हणून प्रस्तुत लेखात मी 'प्रशिक्षक' हाच शब्द वापरला आहे.

या लेखाला निमित्त झाले ते वसतिगृहातील एका वादाचे. एका रात्री जेवणानंतर विषय निघाला, की थोर प्रशिक्षक कोणास म्हणावे? एक पक्ष म्हणाला, "ज्याने जास्त चषक जिंकले तो थोर. बाकी सारे बोलायच्या गोष्टी." दुसरा पक्ष म्हणाला, "ज्याने माणसे घडविली तो थोर." मी पहिल्या पक्षात होतो व मोठ्या आवाजात बोलत होतो. मी त्या पक्षात का होतो, हे लेखाच्या शेवटी प्रांजळपणे सांगणार आहे. प्रथम विषयाचा विचार करू.

१. चषकांचे माप

चषकांचे माप अगदीच टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. खेळ जिंकण्यासाठीच खेळला जातो. जो प्रशिक्षक कधीच जिंकत नाही, त्याची पद्धत बरोबर होती की चूक, हे कळायला दुसरा मार्ग तो कोणता?

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचेच उदाहरण घ्या. १९८६ ते २०१३ अशी सुमारे सत्तावीस वर्षे ते मँचेस्टर युनायटेड या संघाचे प्रशिक्षक होते. या काळात त्यांनी इंग्लंडचे साखळी विजेतेपद १३ वेळा आणि युरोपचे सर्वोच्च अजिंक्यपद १९९९ व २००८ अशा दोन वेळा मिळविले. चषकपक्षाला याहून मोठा पुरावा नको.

पण याच पुराव्यात एक अडचण आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात आलेल्या फर्ग्युसन यांनी मँचेस्टरला पहिला चषक मिळवून दिला तो १९९० साली. मधली साडेतीन वर्षे हात रिकामेच होते. १९८९ साली कोणी चषक मोजायला बसला असता, तर त्याने या गृहस्थाच्या नावापुढे मोठे शून्य मांडले असते. माणूस तोच, त्याची पद्धतही तीच. याचा अर्थ असा, की चषक हे पीक आहे. पीक घरात आल्यावर शेतकऱ्याला शहाणा म्हणणे सोपे असते. रोवणीच्या दिवशी बांधीत उभे राहून पऱ्हे कसे लागले आहे ते ओळखणे अवघड असते.

२. हाती काय आले, घडविले काय?

म्हणून दुसरे माप पुढे येते. प्रशिक्षकाच्या हाती काय आले होते आणि त्याने त्याला कुठवर नेले?

ब्रायन क्लफ हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघाचे प्रशिक्षक झाले १९७५ च्या जानेवारीत. तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. १९७७ साली तो पहिल्या श्रेणीत चढला, १९७८ साली त्या श्रेणीचा विजेता ठरला आणि १९७९ व १९८० या लागोपाठच्या दोन वर्षी युरोपचा अजिंक्य संघ झाला. क्लफ यांना पीटर टेलर या सहकाऱ्याची मोलाची साथ होती, हेही सांगितले पाहिजे.

या संघात जॉन रॉबर्टसन नावाचा खेळाडू होता. क्लफ आले तेव्हा तो संघात होताच, परंतु अंगाने सुटलेला, खेळात मन नसलेला, जवळजवळ टाकून दिलेला. क्लफ यांनी त्याला डाव्या बगलेवर उभे केले आणि त्याच्यावर भरवसा ठेवला. १९७९ च्या अंतिम सामन्यात माल्मो संघाविरुद्ध जो एकमेव गोल झाला, तो रॉबर्टसनने दिलेल्या चेंडूवर. १९८० च्या अंतिम सामन्यात हॅम्बुर्गविरुद्ध जो एकमेव गोल झाला, तो रॉबर्टसनने स्वतः केला. क्लफ यांनी महागडे खेळाडूही विकत घेतले होते, हे खरे. १९७९ साली त्यांनी ट्रेव्हर फ्रान्सिस या खेळाडूसाठी दहा लाख पौंड मोजले. पण पैसा असला की फ्रान्सिस मिळतो. रॉबर्टसन बाजारात मिळत नाही. तो ओळखावा लागतो.

३. रहीमसाहेबांची कसोटी

आता आपल्या देशाकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक असताना या संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वेळा जिंकली. पुढे राष्ट्रीय संघही त्यांच्याकडे आला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले.

परंतु दुसऱ्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. अशा पराभवानंतर प्रशिक्षक काय करतो, यात त्याची खरी परीक्षा असते. रहीमसाहेबांनी दोष वाटत न बसता शिकविणे चालू ठेवले. खेळाडूंनी चेंडू पायात अडकवून न ठेवता चटकन पुढे द्यावा, यासाठी चेंडू घोळविण्यास बंदी असलेले सामने ते भरवीत. दुबळ्या पायाला वळण लागावे, म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याचे सामनेही ते घेत. यातले काहीही खर्चाचे नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येईल असे आहे.

चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. उपान्त्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. या वेळी पहिला गोल भारताने केला. शेवटी आपण ४-१ असे हरलो व स्पर्धेत चौथे आलो. चषकपक्ष म्हणेल, हरलात ते हरलातच. पण १०-१ पासून ४-१ पर्यंतचे अंतर ज्याला दिसत नाही, त्याने खेळाविषयी बोलू नये असे मला वाटते.

त्यांची शेवटची मोठी कामगिरी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेत प्रवेश नाकारल्याच्या वादात भारतीय प्रतिनिधीने घेतलेल्या भूमिकेमुळे तेथील प्रेक्षक आपल्या संघावर संतापले होते. अशा वेळी रहीमसाहेबांनी काय केले? टाके पडलेल्या बचावपटूला त्यांनी आघाडीवर नेऊन उभे केले. जर्नेलसिंग यांनी उपान्त्य सामन्यात गोल केला व अंतिम सामन्यातही केला. आजारपणामुळे आधी बाहेर असलेले उंच गोलरक्षक थंगराज यांना त्यांनी अंतिम सामन्यात उतरविले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला आजवर मिळालेले नाही.

४. नागपूरचे बारसे सर

लांबच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आमच्या गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांत नागपूर येते. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टीतील मुलांची स्पर्धा उभी राहिली आणि 'स्लम सॉकर' ही संस्था निघाली. निवृत्तीनंतर मिळालेला पैसाही त्यांनी याच कामी लावला. बेघर व वंचितांच्या विश्वचषक स्पर्धेत या संस्थेमार्फत भारताचे संघ जाऊ लागले. २०१६ साली फिफाने या संस्थेचा गौरव केला. २०२२ साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटात अमिताभ बच्चन यांची भूमिका बारसे सरांवरच बेतलेली आहे.

वादात माझ्या मित्राने बारसे सरांचे नाव घेतले, तेव्हा मी म्हणालो, "ते समाजसेवक आहेत. प्रशिक्षक नव्हेत." माझ्या बोलण्यात थोडे तथ्य होते. शिक्षकाचे काम सर्वांना आत घेण्याचे, तर प्रशिक्षकाला अकराच निवडायचे असतात. बाराव्याला 'तू नाही' असे सांगणे त्याच्या नशिबी असते. क्लफ आणि रहीमसाहेब यांनाही ते सांगावे लागलेच. या दोन कामांचा मेळ कसा घालावा, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे. तो मला पुस्तकात सापडला नाही. बांधीत सापडला.

५. माझा अनुभव

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा मिलमध्ये हमाली करतात, माय रोवणीला व कापणीला जाते. मी शिकलेला, म्हणून गावातील मोठ्यांनी मुलांचा फुटबॉल संघ माझ्यावर सोपविला. धान निघाल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत, बांबूचे गोलखांब रोवून, शनिवार-रविवारी आम्ही सराव करीत असू.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत शेजारच्या गावी स्पर्धा होती. नववीतला एक मुलगा एकही दिवस न चुकता सरावाला येत होता. पायात ताकद बेताची, पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळे. सामन्याच्या सकाळी मी शहरातून दोन खेळाडू आणले. अशी उसनी माणसे आणण्याची आमच्याकडे रीतच आहे. त्या दोघांसाठी ज्यांना काढले, त्यांत हा मुलगा होता. मी त्याला काही सांगितले नाही. नावे वाचली, त्यात त्याचे नव्हते, एवढेच.

आम्ही चषक जिंकला. तो समाजमंदिरात ठेवला आहे. वसतिगृहात मी चषकपक्षाचा का होतो, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पुढच्या रविवारी बांधीत सहा मुले आली. त्याच्या पुढच्या रविवारी चारच. तो मुलगा आलाच नाही. उन्हाळ्यात कळले, की तो शाळेतही फारसा जात नाही, बापाबरोबर कामाला जातो. हे माझ्यामुळेच झाले असे मी म्हणत नाही. घरची ओढ होतीच. पण मैदान हा त्याला शाळेशी बांधून ठेवणारा एक दोर होता आणि तो मी कापला. मी दहावीत असताना मलाही बाबा कामावर नेणार होते. तेव्हा आमच्या एका गुरुजींनी घरी येऊन बाबांची समजूत घातली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तसे मी या मुलाकडे पाहिले नाही.

दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या घरी गेलो. तो धानाच्या पेंढ्या बांधत होता. मी चुकलो म्हणालो. तो खाली पाहूनच म्हणाला, "दादा, मले आधी सांगतलं असतं, त मी बाहेर बसलो असतो. पानी बी आनून देल्लो असतो. पन सांगतलंच नाही." त्याला खेळायला न मिळाल्याचे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख होते, ते त्याला कोणी मोजलेच नाही याचे.

६. तात्पर्य

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे थोर प्रशिक्षकाच्या कसोट्या तीन. पहिली, हाती आलेल्या खेळाडूला त्याने कुठवर नेले? दुसरी, संघावर संकट आले तेव्हा त्याने दोष दिला की वाट काढली? आणि तिसरी, ज्यांना त्याने खेळवले नाही, ते दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात की नाही? चषक या तिन्हींच्या मागून येतो. कधी येतही नाही. रहीमसाहेब पहिल्या दोन्ही कसोट्यांना सोन्यासारखे उतरतात. बारसे सरांचे मोठेपण तिसरीत आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे असे आता मला वाटते. वसतिगृहातील मित्रांनी हा लेख वाचला, तर मी पक्ष बदलल्याचे त्यांना कळेल.

यंदा मी बाहेरचा कोणीही आणला नाही. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन, तू खेळणार की बसणार व का, हे सांगितले. तो मुलगा उत्तरार्धात वीस मिनिटे खेळला. आम्ही पहिल्याच फेरीत ३-० असे हरलो. गावातील काही मंडळी मला अजून बोलतात. त्याचे शाळेत जाणेही अजून रोजचे नाही. त्यासाठी मला त्याच्या घरी पुन्हा जावे लागेल.

पुढच्या रविवारी मी बांधीत गेलो, तेव्हा मुले माझ्या आधीच येऊन बसली होती. मोजली, तर सतरा भरली.