रिपोर्टमधल्या अवघड शब्दांची किल्ली

रिपोर्टचा कागद हातात घेऊन घाबऱ्याघुबऱ्या दवाखान्यात येणारे रुग्ण पुष्कळ असतात. "डॉक्टर, हा कसला मोठा रोग लिहून आलाय?" कागद पाहावा तर त्यावर 'गॅस्ट्रायटिस' एवढेच असते. म्हणजे जठराच्या आतील आवरणाचा दाह. रोगापेक्षा त्याच्या नावाचीच धास्ती जास्त!

ही नावे आली कुठून? पाश्चात्त्य वैद्यकाची सुरुवात हिपोक्रेटिस व त्याच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी केली. पुढे लॅटिन ही युरोपातील विद्वानांची भाषा झाली. व्हेसेलियसने 1543 मध्ये शरीररचनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला. त्यामुळे अवयवांची नावे बहुधा लॅटिन, तर रोगांची व शस्त्रक्रियांची बहुधा ग्रीक अशी वाटणी झाली.

हे शब्द आपल्या सामासिक शब्दांसारखे असतात. त्यांची फोड केली की अर्थ आपोआप उलगडतो.

शेवटी 'आयटिस' आले की दाह समजावा. 'हेपार' म्हणजे यकृत, म्हणून हेपॅटायटिस म्हणजे यकृतदाह. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस म्हणजे संधिदाह. शेवटी 'एक्टमी' असेल तर अवयव कापून काढणे. 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय, म्हणून हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे तरी कळायलाच हवे. शेवटी 'ईमिया' असेल तर गोष्ट रक्ताची. अ‍ॅनिमियातील 'अ‍ॅन' म्हणजे आपल्या 'अनंत'मधला नकाराचा 'अन्'च. ग्रीक आणि संस्कृत या एकाच कुळातल्या बहिणी आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची जोडी, हायपर आणि हायपो. उच्चार जवळचे, पण अर्थ अगदी उलटे. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. ग्रीक 'हायपर' व संस्कृत 'उपरि' यांचे मूळ एकच, आणि 'उपरि'वरूनच मराठीतला 'वर' आला. म्हणून एवढेच पाठ करावे : हायपर म्हणजे वर.

हा घोळ जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्या एका आजोबांना एकदा दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. 'हायपो झाला तर काय करायचे' हे त्यांच्या मुलाला पूर्वी समजावून सांगितले होते. पण त्याच्या डोक्यात 'हायपो म्हणजे साखर वाढली' असे बसलेले! घरातल्यांनी चहासुद्धा बिनसाखरेचा दिला. शेजारच्या नर्सबाई वेळेवर आल्या म्हणून आजोबा वाचले.

'ग्लायकिस' म्हणजे गोड. तेव्हा हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर कमी होणे. मधुमेही रुग्णाची साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजूनही कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटू लागल्यावर काहीतरी खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. तपासणीचे यंत्र जवळ नसेल आणि संशय असेल, तरी साखर द्यावी. वाढलेली साखर त्या तीन-चार चमच्यांनी फारशी बिघडत नाही, पण कमी झालेली साखर वाट पाहत नाही.

जाता जाता एक गंमत. 'डायबेटिस मेलिटस'मधील 'मेलिटस' हा लॅटिन शब्द, अर्थ मधासारखा गोड. आपल्या प्राचीन वैद्यांनीही लघवीच्या गोडीवरूनच या रोगाला 'मधुमेह' म्हटले.

तेव्हा वाचकहो, रिपोर्टवरील शब्दाला घाबरू नका, त्याची फोड करा. मात्र अर्थ कळला म्हणजे निदान झाले असे समजू नका. "हायपर की हायपो?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि उत्तर मराठीत लिहून घ्या.