वाट मोकळी झाली!

(शूर सैनिक म्हटला, की शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण रणांगणावर आणखी एका प्रकारचे शौर्य लागते. ते म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करण्याचे. परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांच्या अशा शौर्याची आणि त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री हे गाव आहे. समजा, पावसाळ्यात मोठे वादळ झाले आणि या रस्त्यावर एक झाड आडवे पडले. काय होईल? एस.टी. थांबेल. शाळेत निघालेली मुले अडकतील. दवाखान्यात न्यायचा रोगी वाटेतच राहील. मग चार माणसे कुऱ्हाडी घेऊन येतील, झाड तोडतील आणि रस्ता मोकळा करतील. वाहने भराभर निघून जातील. झाड तोडणाऱ्यांची नावे मात्र कोणी विचारणार नाही.

आता दुसरे चित्र डोळ्यांसमोर आणा. रस्ता डोंगरातला आहे. त्यावर एक नव्हे, पाच मोठी झाडे आडवी टाकलेली आहेत. झाडांभोवती जमिनीत सुरुंग पेरलेले आहेत. समोरच्या टेकडीवरून मशीनगनच्या गोळ्या येत आहेत. अशा रस्त्यावर जखमी अवस्थेत चार दिवस काम करून ज्यांनी वाट मोकळी केली, त्यांचे नाव रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. त्यांचे घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. कारवारचा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या वारंवार बदल्या होत. आज या गावात तर उद्या त्या गावात, असे घराचे बिऱ्हाड फिरत राही. त्यामुळे लहान रामाचे शिक्षणही एका ठिकाणी झाले नाही.

१० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे सैन्यात भरती झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते. त्यांची निवड ‘बॉम्बे इंजिनिअर्स’ या दलात झाली. या दलाचे सैनिक लढतात, तसेच बांधकामही करतात. नदीवर पूल उभारणे, रस्ते तयार करणे, शत्रूचे सुरुंग काढणे ही त्यांची कामे. भरती झालेल्या तुकडीत राणे सर्वांत उत्तम ठरले.

पुढे त्यांना ब्रह्मदेशात जपानी सैन्याविरुद्ध पाठवण्यात आले. आपले सैन्य मागे हटत असताना बुथिडाँग येथील दारूगोळा नष्ट करण्यासाठी काही सैनिक मागे ठेवले गेले. त्यांत राणे होते. काम फत्ते झाले. पण त्यांना न्यायला जहाज येणार होते, ते आलेच नाही. नदीवर जपानी सैनिकांचा पहारा होता. तरीही राणे आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांना चुकवून नदीपार झाले आणि आपल्या सैन्याला येऊन मिळाले. या कामगिरीनंतर राणे हवालदार झाले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात टोळीवाल्यांनी जम्मू-काश्मीरवर हल्ला केला. राजौरी शहर त्यांच्या ताब्यात गेले. राजौरीच्या दक्षिणेला असलेले नौशेरा मात्र ब्रिगेडिअर मोहंमद उस्मान यांच्या सैन्याने राखले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला, तोही त्यांनी परतवून लावला. म्हणून उस्मान यांना ‘नौशेऱ्याचा सिंह’ म्हणतात. पुढे ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे त्यांना वीरमरण आले.

नौशेरा राखले होते. आता राजौरी सोडवायची होती. हा रस्ता फार जुना. याच वाटेने मुघल बादशहा काश्मीरला जात. वाटेत चिंगस येथे त्या काळातील सराई अजून उभी आहे. पण १९४८ च्या एप्रिलमध्ये या रस्त्याचा प्रत्येक फर्लांग धोक्याचा झाला होता. ठिकठिकाणी झाडे तोडून टाकली होती. मोऱ्या उडवून दिल्या होत्या. जमिनीत सुरुंग होते.

पायदळाचे सैनिक डोंगर चढून जाऊ शकतात. पण रणगाड्यांना रस्ता लागतो. अन्नधान्य आणि दारूगोळा पोहोचवायला रस्ता लागतो. जखमींना मागे आणायलाही रस्ताच लागतो. रस्ता बंद राहिला, तर पुढे गेलेले सैनिक एकटे पडतात. म्हणून हा रस्ता उघडणे फार महत्त्वाचे होते. हे काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीकडे आले. त्यांना अधिकारी होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिल. सकाळचे अकरा वाजले होते. राणे आणि त्यांचे सैनिक रणगाड्यांजवळ कामाच्या तयारीत उभे होते. इतक्यात उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. दोन सैनिक जागीच ठार झाले. पाच जण जखमी झाले. त्या पाचांत खुद्द राणेही होते. अशा वेळी मागे फिरले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी उरलेल्या सैनिकांना गोळा केले आणि कामाला हात घातला. संध्याकाळी बरवाली येथील टेकडी आपल्या पायदळाने जिंकली. शत्रू अजून आसपास होता. तरीही राणे आपली तुकडी घेऊन पुढे सरकले आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करत राहिले.

९ एप्रिल. पहाटे सहाला काम पुन्हा सुरू. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर चीडची झाडे आडवी आली. राणे खाली उतरले. त्यांनी स्फोट करून ती उडवली. थोडे पुढे जावे, तर पुन्हा तेच! मग एक मोडलेली मोरी आली. मशीनगनचा मारा सुरू असतानाच तिच्या बाजूने वाट काढली. अंधार पडू लागला, तेव्हा पाच मोठी झाडे आणि त्यांच्याभोवती सुरुंग असा जबर अडथळा समोर आला. राणे तेथेही काम करायला तयार होते. पण वरिष्ठांनी रणगाडे रात्रीपुरते थांबवले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला, उजाडण्यापूर्वीच, राणे त्या अडथळ्याशी पोहोचले. साडेसहापर्यंत तो दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. साडेदहापर्यंत तीही पार झाली. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून वेगाने निघाले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. आता राणे यांनी विश्रांती घ्यायला हरकत नव्हती. पण मागून येणाऱ्या मालगाड्यांना रस्ता हवा होता. राणे अन्न न घेता, न थांबता रात्री नऊपर्यंत काम करत राहिले.

११ एप्रिलला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा सारा रस्ता खुला झाला. त्या दिवशीही काम रात्री दहालाच थांबले. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिल १९४८ रोजी, भारतीय सैन्य राजौरीत शिरले. तेथे अडकलेल्या लोकांची सुटका झाली.

मित्रांनो, सुरुंग काढणाऱ्याला घाई करून चालत नाही. संगिनीचे टोक जमिनीत तिरके घालून हळूहळू चाचपावे लागते. हात थरथरला, तर सारे संपते. डोक्यावरून गोळ्या जात असताना हात स्थिर ठेवणे ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी धैर्य हवे आणि धीरही हवा. राणे यांच्याजवळ दोन्ही होते. पहिल्याच दिवशी गेलेल्या त्या दोन सैनिकांचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते.

या पराक्रमाबद्दल राणे यांना परमवीरचक्र मिळाले. १९४७-४८ च्या युद्धात हा सन्मान पाच वीरांना लाभला. त्यांपैकी तिघांना तो मरणोत्तर मिळाला. राणे आणि करमसिंग हे दोघेच तो स्वतःच्या छातीवर धारण करू शकले.

युद्ध संपले, तरी राणे यांची सेवा संपली नाही. १९५५ साली त्यांचा राजेश्वरी सामंत यांच्याशी विवाह झाला. बदल्यांची नोकरी आणि संसार म्हणजे काय, हे राणे यांनी लहानपणी वडिलांच्या घरी पाहिलेच होते. आता तोच संसार त्यांच्याही वाट्याला आला. सैनिक सीमेवर असतो, तेव्हा घर सांभाळणारे दुसरे हात असतात. सैनिकाच्या सेवेत त्या हातांचाही वाटा असतो. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर १९६८ साली राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. सैन्याला त्यांच्या अनुभवाची गरज होती, म्हणून १९७१ पर्यंत ते पुन्हा कामावर राहिले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने एक तेलवाहू जहाज होते. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. २०२३ साली अंदमानातील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले. पण या सर्वांहून मनाला भिडणारी गोष्ट घडली, ती २०२१ साली. राजेश्वरीबाईंनी आपल्या पतीचे परमवीरचक्र आणि इतर पदके खडकी येथे त्यांच्या दलाच्या स्वाधीन केली.

विचार करा. पती गेल्यावर घरात उरलेली त्यांची सर्वांत मोलाची वस्तू कोणती? हे पदकच. ते कपाटात जपून ठेवता आले असते. पण नव्याने भरती होणाऱ्या तरुणांना ते पाहायला मिळावे, त्यांना त्यातून बळ यावे, हे अधिक मोलाचे. राणे यांनी मागून येणाऱ्यांसाठी रस्ता खुला केला होता. त्यांच्या पत्नीनेही आपल्या परीने तेच केले.

शब्दार्थ

बिऱ्हाड – घरातील माणसे आणि सामान, संसार
फत्ते होणे – यशस्वी होणे
सुरुंग – जमिनीत पुरलेली स्फोटक वस्तू
उखळी तोफ – गोळा उंच उडवून दूर टाकणारी छोटी तोफ
संगीन – बंदुकीच्या टोकाला लावायचे पाते
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेला छोटा पूल
चीड – थंड डोंगराळ भागातील एक उंच झाड
फर्लांग – मैलाचा आठवा भाग
मरणोत्तर – मृत्यूनंतर

टीप

परमवीरचक्र – युद्धातील शौर्याबद्दल दिला जाणारा भारताचा सर्वोच्च सन्मान. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाला. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. १९६५ च्या युद्धातील वीर अब्दुल हमीद यांनाही हा सन्मान मरणोत्तर मिळाला.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राणे कोणत्या दलात भरती झाले?
(आ) ‘नौशेऱ्याचा सिंह’ कोणाला म्हणतात?
(इ) भारतीय सैन्य राजौरीत केव्हा शिरले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) लहानपणी राणे यांचे शिक्षण एका ठिकाणी झाले नाही.
(आ) नौशेरा-राजौरी रस्ता उघडणे महत्त्वाचे होते.
(इ) सुरुंग काढणाऱ्याला घाई करून चालत नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १० एप्रिल १९४८ या दिवशी राणे यांनी केलेल्या कामाचे वर्णन करा.
(आ) राजेश्वरीबाईंनी पदके दलाच्या स्वाधीन केली. यातून तुम्हांला काय वाटते?

प्र. ४. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
तुटून पडणे, परतवून लावणे, कामाला हात घालणे, मनाला भिडणे

प्र. ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आढळतात : शिपाई, हवालदार, जखमी, फत्ते, बादशहा, सराई. त्यांचे उर्दू उच्चार सांगा. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

उपक्रम : तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात निवृत्त सैनिक असतील, तर मोठ्यांबरोबर जाऊन त्यांना भेटा. त्यांच्या सेवेविषयी आणि त्या काळात घर कोणी व कसे सांभाळले, याविषयी विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.