वेबपानाचा धडा : खारपाणपट्ट्यातील एका कोष्टकावरून

संगणकाचे शिक्षण म्हणजे संगणकाविषयीची माहिती पाठ करणे, हा समज आपल्याकडे अद्याप पुरता मावळलेला नाही. वेबपाने तयार करण्याची विद्या तर प्रत्यक्ष पान लिहिल्याविना साध्यच होत नाही. जिनिव्हानजीकच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सिद्ध केलेले हे तंत्र त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. साधा संगणक, त्यातील 'नोटपॅड' आणि ब्राउझर एवढ्यावर काम भागते. तयार केलेली फाइल इंटरनेटविनाही उघडते, ही गोष्ट मेळघाटातील शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

अभ्यासासाठी विषय मात्र गावातलाच घ्यावा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर, अकोट या भागांत भूजल खारे आहे. अशा गावातील शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून गावच्या विहिरींचे पान करून घ्यावे. शीर्षकासाठी 'एच१', परिच्छेदासाठी 'पी' आणि कोष्टकासाठी 'टेबल' या खुणा वापरून पहिल्या दोन तासांतच पान उभे राहते. एखादी खूण बंद करावयाची राहिली की कोष्टक विस्कटते. ते का विस्कटले हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, शिक्षकाने लगेच सांगू नये.

खरा धडा यापुढे आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास ती २००० पर्यंत ग्राह्य धरली जाते. तेव्हा २००० च्या वर क्षार असलेल्या विहिरीची ओळ तांबडी दिसावी, अशी आज्ञा विद्यार्थ्यांनी जावास्क्रिप्ट भाषेत लिहावी. पान चालते, चूक कोठेही दाखविली जात नाही आणि तरीही एकही ओळ तांबडी होत नाही! कारण असे की, मराठी मुलांनी आकडे स्वाभाविकपणे देवनागरीत लिहिलेले असतात. डोळ्यांना '२४००' ही संख्या दिसते. जावास्क्रिप्टच्या लेखी ती संख्याच नव्हे. अशा अक्षरांची २००० शी तुलना केली असता उत्तर नेहमी नकारार्थीच येते आणि पान मुकाट्याने सर्व विहिरी पिण्यायोग्य ठरविते. हिशेबासाठी इंग्रजी अंक ठेवावेत व दाखविताना ते देवनागरीत करून घ्यावेत, हा त्यावरील उपाय. हा प्रसंग स्वतः अनुभवलेला विद्यार्थी पुढे कोणतेही कोष्टक ज्ञात आकड्यावर तपासल्याखेरीज खरे मानणार नाही.

लिपीचा दुसरा प्रश्न तर आपल्या प्रदेशाच्या नावातच आहे. 'वऱ्हाड' हा शब्द साध्या 'र'ने लिहिल्यास रफार 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'र'ची कळ दाबून मिळणारे अक्षर येथे हवे. अन्यथा शोध घेणाऱ्यास ते पान सापडेलच असे नाही. फाइल 'यूटीएफ-८' पद्धतीने जतन करावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो.

पंचायत सदस्यांनी या कामाकडे केवळ शालेय उपक्रम म्हणून पाहू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून, इंटरनेटसह विविध मार्गांनी प्रसिद्ध करावी, असे अभिप्रेत असून त्यात स्थानिक भाषेचाही विचार सांगितला आहे. मात्र लाभार्थ्यांचे आधार वा बँक खाते क्रमांक पानावर कदापि देऊ नयेत. छायाचित्रेही लहान करून घ्यावीत. मोबाइलमधील मूळ छायाचित्र अनेकदा काही मेगाबाइटचे असते आणि धारणीकडील डोंगराळ गावात ते उघडण्याची वाट कोणी पाहत बसत नाही.

विहिरींच्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे नमुना घेतल्याचा महिना व वर्ष लिहावे. चैत्रातले पाणी आणि भाद्रपदातले पाणी एकच असेल असे नाही.