दूरदेशीचा हुकूम आणि आपला सातबारा

पोरी, सनद हातात आली, आता तुझ्याकडे नुसते बांधाचे आणि वाटपाचे दावे येणार नाहीत. शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे, दौंडात कुरकुंभची. तिथल्या कारखान्यांचे परदेशी कंपन्यांशी करार होतात आणि करारात कुठेतरी मागे लिहिलेलं असतं, की तंटा झाल्यास लवाद सिंगापूरला किंवा लंडनला बसेल. सही करताना ते कलम फार थोडे वाचतात. शिवाय गावोगावची मुलं दुबईला आहेत, तिथल्या बँकांचं कर्ज त्यांच्या नावावर असतं. मालमत्ता गोठवल्याचा कागद घेऊन एक दिवस कोणीतरी घाबरून तुझ्यासमोर बसेल. त्या दिवसासाठी हे ऐकून ठेव.

पक्षकार काय सांगतो ते नंतर ऐक, आधी हुकुमाचा मथळा वाच. लंडनच्या किंवा दुबईच्या न्यायालयाचा अंतरिम हुकूम असेल, तर तो तसाच्या तसा आपल्या तलाठ्यावर किंवा दुय्यम निबंधकावर चालत नाही. परदेशी न्यायालयातला दावा नुसता चालू आहे, एवढ्यावर इथली जमीन सहसा गोठत नाही. मात्र त्या माणसाचं त्या देशात येणं-जाणं असेल, तर हुकूम मोडल्याची शिक्षा त्याला तिथे होऊ शकते. हे त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग.

मथळ्यावर मुंबई उच्च न्यायालय असेल, तर बहुधा तो लवाद कायद्याच्या कलम 9 खालचा हुकूम असतो. त्याची वाट वाकडीतिकडी झाली आहे. 2002 साली भाटिया इंटरनॅशनलच्या निकालाने परदेशात बसलेल्या लवादासाठीही इथे अंतरिम संरक्षण मागता येऊ लागलं. सप्टेंबर 2012 मध्ये बाल्कोच्या निकालाने त्यानंतरच्या करारांसाठी ते दार बंद झालं, आणि 23 ऑक्टोबर 2015 पासूनच्या दुरुस्तीने पुन्हा उघडलं. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे: पक्षांनी आपसात वेगळं ठरवलं असेल, तर ही सोय लागू होत नाही. म्हणून मूळ करार मागून घे आणि शेवटपर्यंत वाच. निवाडा होऊन गेला तरी निश्चिंत राहू नकोस. हेलिगो चार्टर्सच्या प्रकरणात 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने परदेशी निवाड्यानंतर, त्याची अंमलबजावणी होण्याआधीही, कलम 9 खाली दाद मागता येते असं ठरवलं.

असा अर्ज दौंडला किंवा शिरूरला येत नाही, थेट उच्च न्यायालयात जातो. त्यामुळे समोरच्याची पहिली नोटीस आली की कॅव्हेट मुंबईत दाखल कर, ते 90 दिवस चालतं. कॅव्हेट नसेल तर पहिला हुकूम आपल्या पाठीमागे होऊ शकतो. लवाद सुरू होण्याआधीच हुकूम मिळवला असेल, तर त्या तारखेपासून 90 दिवसांत लवादाचं कामकाज सुरू व्हावं लागतं. न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण ती मागावी लागते. ही तारीख डायरीत लिहून ठेव.

दुबईच्या मुलांची गोष्ट निराळी. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिराती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ मध्ये आली. तिथल्या ठरावीक न्यायालयांच्या पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त आता सरळ आपल्या जिल्हा न्यायालयात लागते. अमेरिकेचा निकाल असा येत नाही, त्याच्यावर इथे नवा दावा लावावा लागतो, आणि तोही तीन वर्षांच्या आत. दुबईची दरखास्त आली तर कलम 13 उघड. मुलाला समन्स नीट पोचलं होतं का, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती का, निकाल गुणदोषांवर झाला का, हे विचार. आणि जमीन कोणाची ते बघ. वडील हयात आहेत, जमीन त्यांची स्वकष्टार्जित आहे, तर मुलाच्या कर्जासाठी तिच्यावर हात टाकता येत नाही. एकत्र कुटुंबाची असेल तर त्याच्या हिश्शापुरतंच.

शेतकऱ्याला एक गोष्ट सांगायला विसरू नकोस, कारण ती ऐकून त्याला त्या रात्री झोप लागते. निकालापूर्वीच्या जप्तीत शेतकऱ्याच्या ताब्यातला शेतमाल घेता येत नाही. संहितेच्या ऑर्डर 38 चा नियम 12 तेच सांगतो. भीमेकाठचा ऊस असो की शिरूरचा कांदा, तो या टप्प्यावर सुरक्षित आहे. कलम 60 खाली त्याचं राहतं घर, औतं-अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बियाणंही जप्तीबाहेर आहे. मी पाहिलंय, भीतीपोटी माणसं उभा ऊस मिळेल त्या भावाने देऊन टाकतात. तसं होऊ देऊ नकोस.

मोठी उदाहरणं वाचत जा. विजय मल्ल्यांची जगभरातली मालमत्ता लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये गोठवली, ती आपल्याच बँकांच्या बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणातल्या निकालाच्या पाठबळावर. रक्कम सुमारे 114.5 कोटी पौंड. तरीही त्यांना दर आठवड्याला 18 हजार पौंडांवर घरखर्च करायची मुभा होती. मग आपल्या लहान कारखानदारासाठी कामगारांचे पगार, वीजबिल, कच्चा माल आणि घरखर्च यांची मुभा पहिल्याच अर्जात माग. बँक खातं पूर्ण बंद झालं तर महिन्याभरात कारखाना बसतो, मग लवाद जिंकूनही उपयोग नसतो. जमत असेल तर बँक हमी दे आणि गोठवणूक उठवून घे.

दौंड तालुक्यात पाटसच्या पुढे रोटीला वायनरी आहे, ती मल्ल्यांच्या समूहाच्या काळात उभी राहिली. तिच्यावरून एक लक्षात ठेव: मालक वेगळा, कंपनी वेगळी. कंपनीला माल घालणाऱ्याचं देणं कंपनीकडे असतं, मालकाच्या बंगल्याकडे नाही. उलटंही तितकंच खरं: कंपनीच्या देण्यासाठी संचालकाच्या घराचा सातबारा गोठवायला कोणी आला, तर त्याने वैयक्तिक हमी दिली होती का ते पाहा.

युक्तिवादात रमण टेकचा 2008 चा निकाल हाताशी ठेव. निकालापूर्वीची जप्ती हे बिनतारण कर्ज तारणी करून घेण्याचं साधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. पण एस्सार हाऊसचा 2022 चा निकालही वाच, कारण समोरचा वकील तो काढणारच: कलम 9 खाली न्यायालय संहितेच्या काटेकोर चौकटीत अडकून राहत नाही.

पक्षकार विचारेल, "वकीलसाहेब, उद्याच बहिणीच्या नावावर खरेदीखत करून टाकू का?" तिथे ठाम नाही म्हण. जप्तीनंतरची विक्री त्या दरखास्तदारापुढे टिकत नाही, आणि मनाई मोडली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मालमत्ता लपवण्याची धडपड दिसली की चांगली केसही हातची जाते.

हुकूम उठला की प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे जा, इतर हक्कातला शेरा कमी करण्याचा अर्ज दे आणि पोच घे. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बघ. बँकेलाही तीच प्रत लेखी दे, तोंडी सांगू नकोस. हे काम वकिलाचं नाही असं पुष्कळ जण समजतात, आणि दोन वर्षांनी पीककर्ज अडलं की तोच शेतकरी पुन्हा दारात उभा राहतो.