डायलिसिस यंत्राची परीक्षा

रुग्णालयात नवे रक्तशुद्धीकरण यंत्र आले म्हणजे फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात आणि यंत्राची किंमत सर्वांच्या तोंडी होते. रुग्णाला त्याचा उपयोग कितपत झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा विनामूल्य मिळू लागली. तेव्हा हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यालाही त्याचे उत्तर समजावयास हवे.

नेदरलँड्समधील काम्पेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले उपयुक्त यंत्र उभे केले. त्यावरील सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली, तेव्हा कोठे यंत्र यशस्वी ठरले. रुग्ण जगला की नाही, एवढीच त्या वेळची कसोटी होती. आजची कसोटी अधिक बारीक आहे.

सर्वांत सोपे माप युरियाचे. समजा, डायलिसिसपूर्वी १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम युरिया होता व नंतर ४५ राहिला, तर घट ७० टक्के झाली. ही घट निदान ६५ टक्के असावी, असा संकेत आहे. त्याच रुग्णाचा युरिया ६० वर थांबला असता तर घट ६० टक्केच भरली असती आणि उपचार अपुरा ठरला असता. नंतरचा नमुना घेण्याची रीत मात्र कटाक्षाने पाळावी लागते. रक्ताचा प्रवाह आधी मंद न करता घाईने नमुना घेतला, तर यंत्रातून नुकतेच शुद्ध होऊन आलेले रक्त त्यात मिसळण्याचा संभव असतो आणि आकडा फसवा, चांगला दिसतो.

याहून नेमके माप १९८५ साली गॉच व सार्जंट यांनी पुढे आणले. दर मिनिटास किती रक्त युरियामुक्त होते त्यास उपचाराच्या वेळेने गुणावयाचे व शरीरातील एकूण पाण्याने भागावयाचे. आठवड्यातून तीनदा उपचार घेणाऱ्याच्या बाबतीत हा भागाकार दर वेळी किमान १.२ यावा. हा आकडा त्याहून बराच वाढविल्याने रुग्ण अधिक जगतात काय, याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ मोठ्या आकड्यासाठी महाग यंत्र मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जुन्या व नव्या यंत्राची तुलना करताना रुग्ण तेच, वेळ तेवढाच, रक्ताचा वेग तोच आणि गाळणीही त्याच आकाराची असली पाहिजे. नाहीतर दिसणारा फरक यंत्राचा की गाळणीचा, हे कळत नाही. युरियाखेरीज उपचार चालू असताना रक्तदाब किती वेळा घसरला, पायांत गोळे आले काय, ठरलेले वजन गाठले काय, याही नोंदी हव्यात.

पाण्याचा विचार तर वेगळाच करावा लागतो. मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्तालगत वाहतो. मध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली जलाशयातील शैवालाचे विष अपुऱ्या शुद्ध केलेल्या पाण्यातून डायलिसिसच्या रुग्णांपर्यंत पोहोचले आणि पन्नासहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. म्हणून यंत्राच्या अहवालासोबत जलशुद्धीकरण संचाच्या तपासणीचा अहवाल नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा.

शेवटी प्रश्न वेळेचा. नोंदवहीत चार तास लिहिलेले असतात. पण वीज गेली, यंत्राची धोक्याची घंटा वारंवार वाजली, तर प्रत्यक्ष शुद्धीकरण कमी होते. दूरच्या गावचा रुग्ण शेवटची एस. टी. गाठण्यासाठी अर्धा तास आधीच सुई काढावयास सांगतो. त्याच्या रक्तात उरलेल्या युरियाचा दोष यंत्राकडे जात नाही. अशा रुग्णास सकाळची पाळी देता येते, आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.