जुन्या संगणकांच्या संग्राहकांची सूची : गरज आणि पद्धती

इंग्लंडमध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने १०८६ साली जमिनीची व गावांची मोजदाद झाली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेले ते दप्तर आजही वाचता येते. या घटनेस ९०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १९८६ मध्ये, बीबीसीने त्याच धर्तीवर देशाची नवी नोंद तयार केली. शाळांतील मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहून पाठविली. दहा लाखांहून अधिक लोकांचा तिला हातभार लागला. ही सर्व सामग्री दोन लेसर चकत्यांवर साठविण्यात आली व ती पाहण्यासाठी बीबीसी मास्टर हा संगणक आणि खास बनावटीचे चकतीयंत्र आवश्यक होते.

पुढे ही यंत्रे बाजारातून गेली आणि पंधरा-सोळा वर्षांतच ही नोंद वाचणे दुरापास्त झाले. लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ मध्ये ती नव्या संगणकावर चालवून दाखविली. २०११ मध्ये बीबीसीने तिच्यातील गावांविषयीचा भाग ऑनलाइन उपलब्ध करून दिला. लाखो लोकांचे श्रम सुरक्षित राहिले, याचे एक कारण असे की चालू स्थितीतील जुनी यंत्रे व ती जाणणारी माणसे अद्याप शिल्लक होती.

सूचीची गरज

जुना संगणक एकाकडे, त्याच्या चकत्या दुसऱ्याकडे, माहितीपुस्तिका तिसऱ्याकडे आणि दुरुस्तीचे ज्ञान चौथ्याकडे, अशी स्थिती सर्वत्र आढळते. हे चौघे एकमेकांस अपरिचित असतील, तर चौघांजवळचा ठेवा निरुपयोगी ठरतो. त्यांची गाठ घालून देणे हेच संग्राहकांच्या ऑनलाइन सूचीचे कार्य होय.

ॲपल-१ या संगणकाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्राचे सुमारे २०० संच तयार झाले. किंमत ६६६.६६ डॉलर होती. नवे यंत्र देताना कंपनीने जुने संच परत घेतले व त्यांतील पुष्कळसे नष्ट केले. उरलेल्या संचांची सूची संग्राहकांनी ठेवली आहे. तीत प्रत्येक ज्ञात संचास स्वतंत्र क्रमांक असून त्याची छायाचित्रे व पूर्वेतिहास नोंदविलेला असतो. त्यामुळे खरा संच कोणता व नक्कल कोणती हे ताडून पाहता येते. २०१४ मध्ये असा एक संच लिलावात ९,०५,००० डॉलरला विकला गेला, यावरून अचूक नोंदीचे महत्त्व ध्यानी येईल.

नोंद कशी असावी

सूचीत चार प्रकारच्या नोंदी असाव्यात : यंत्रे, सुटे भाग व चकत्या, कागदपत्रे आणि कौशल्य. यंत्राच्या नोंदीत उत्पादक, नमुना, वर्ष आणि स्थिती यांचा समावेश हवा. स्थिती ‘चालू’, ‘बंद’ अथवा ‘तपासलेले नाही’ अशा ठरलेल्या शब्दांतच द्यावी. एकाच यंत्राची नावे वेगवेगळ्या रीतीने लिहिली गेल्यास शोध घेणाऱ्यास ते सापडत नाही; म्हणून नावांचा एक नमुना आधीच निश्चित करावा.

मौल्यवान वस्तू कोणाच्या घरी आहे हे जाहीर होणे धोक्याचे असते. यास्तव केवळ जिल्हा प्रसिद्ध करावा. पत्ता व दूरध्वनी क्रमांक करू नये. विचारणा आल्यास सूचीच्या चालकाने ती संबंधितास कळवावी व उत्तर देणे न देणे त्याच्या इच्छेवर सोडावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय अधिनियमानेही संमतीस महत्त्वाचे स्थान दिले आहे. नोंद काढून घेण्याची मुभा प्रत्येकास असावी.

प्रत्येक नोंदीखाली ती शेवटची पडताळल्याची तारीख असावी व वर्षातून एकदा विचारणा करून ती नवी करावी. माणसे गाव बदलतात, वस्तू हस्तांतरित होतात. जुनी नोंद शोधणाऱ्यास चुकीच्या दारी नेते. सूचीची प्रत दुसऱ्या ठिकाणी व कागदावरही ठेवावी. जुन्या यंत्रांची सूचीच वाचता येईनाशी झाली, तर डूम्सडे प्रकल्पाचा धडा वाया गेला असे म्हणावे लागेल.

शाळांचा संबंध

भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या योजनेखाली प्रारंभी सुमारे २५० माध्यमिक शाळांत संगणक शिक्षण सुरू झाले. त्यासाठी निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रो हेच होते. एका पिढीने संगणकाची पहिली ओळख ज्यावर करून घेतली, असे यंत्र एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत आजही असू शकेल. मुख्याध्यापकांनी जडवस्तू नोंदवही काढून एकदा खात्री करून घेणे इष्ट होय.

असे यंत्र आढळल्यास ते लगेच वीजप्रवाहास जोडू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठा भागातील धारित्रांचे वेष्टन कालांतराने तडकते, आत दमटपणा शिरतो आणि यंत्र सुरू करताच धूर निघतो. जुन्या काचनळीच्या पडद्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. तो अनुभवी माणसाविना उघडू नये. प्रथम छायाचित्र घ्यावे, नमुना व क्रमांक टिपून घ्यावा आणि जाणकाराचा शोध घ्यावा. हा जाणकार शोधण्याच्या कामीच सूची उपयोगी पडते.

सार्वजनिक मालमत्ता परस्पर कोणास देता येत नाही. तिचे निर्लेखन नियमानुसारच व्हावयास हवे. जतन करण्याजोगे नसलेले यंत्रही भंगारवाल्याकडे न देता, ई-कचऱ्यासंबंधीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. मात्र निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी त्या यंत्राची एक नोंद आणि त्यावरील चकत्यांची एक चौकशी झाली, तर शाळेच्या इतिहासाचे एखादे पान वाचू शकेल.